सलग सात दिवस घाट: टप्प्यांच्या डोंगरी सायकल शर्यतीची नाशिकमधून तयारी

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघातून पूर्ण केली. लांब पल्ल्याची ओढ नाशिकच्या सायकलस्वारांना चांगलीच आहे. इथं दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब फेरी, साडेतेरा तासांच्या आत संपवणारे भरपूर भेटतात. त्यातले काही जण मग टप्प्यांच्या डोंगरी शर्यतीला नाव नोंदवतात आणि तिसऱ्या दिवशी कोसळतात. पाय कमकुवत म्हणून नव्हे, तर एका दिवसाचं गणित सात दिवसांना लावलं म्हणून.

निलगिरीतली टूर ऑफ नीलगिरीज, हिमाचलातली एमटीबी हिमालय, आल्प्समधली ओत रूत, या स्पर्धांची रचना वेगवेगळी आहे. कुठं संपूर्ण टप्प्याची वेळ मोजतात, कुठं ठरावीक चढाचीच. मागणी मात्र सगळीकडं सारखी: रोज चार ते सात तास सायकलवर, त्यात दीड-दोन हजार मीटर चढाई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. म्हणून या लेखात सायकलवरच्या तासांइतकीच जागा सायकलवरून उतरल्यानंतरच्या तासांना दिली आहे. टप्प्यांची शर्यत बरीचशी तिथंच ठरते.

आधी गिअर बघा

बाजारातल्या पुष्कळ रोड सायकली पुढे ५०/३४ आणि मागे ११-२८ दातांच्या चकत्यांचा संच घेऊन येतात. नाशिक ते त्र्यंबक हा संच पुरतो. सलग दिवसांच्या घाटांत तो गुडघे खातो. आकडे बघा. ७० किलोचा स्वार, सायकल-पाण्यासह एकूण ८० किलो, १० टक्क्यांचा चढ. ३४×२८ वर मिनिटाला ६० पेडल फिरवली तर वेग ताशी ९.२ किलोमीटर आणि लागणारी ताकद साधारण २२० वॉट. तेच ३४×३४ वर ताशी साडेसात किलोमीटर आणि १८० वॉट. ज्याची एफटीपी, म्हणजे तासभर टिकणारी ताकद, २१० वॉट आहे त्याला पहिल्या संचात प्रत्येक तीव्र वळणावर मर्यादा ओलांडावीच लागते. दुसऱ्या संचात तो मर्यादेच्या आत राहतो. मागे किमान ३२, शक्य असेल तर ३४ दातांची चकती असलीच पाहिजे, मग पाय कितीही दणकट असोत.

कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलताना तीन गोष्टी हमखास राहून जातात. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) एवढी मोठी चकती झेलतो का, हे त्याच्या मॉडेल क्रमांकावरून तपासा. आखूड पिंजऱ्याचे जुने डिरेलर २८ किंवा ३० च्या पुढं जात नाहीत. चेनची लांबी नव्यानं मोजा: पुढची मोठी आणि मागची मोठी चकती धरून, डिरेलर वगळून चेन गुंडाळा आणि जिथं टोकं जुळतील तिथून दोन कड्या जास्त ठेवा. जुनी आखूड चेन तशीच ठेवली आणि घाईत मोठी-मोठी जोडी पडली तर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा) वाकतो किंवा डिरेलरच तुटून स्पोकमध्ये जातो. तिसरं म्हणजे डिरेलरवरचा बी-स्क्रू. तो फिरवून वरच्या कप्पीचं आणि मोठ्या चकतीचं अंतर ठीक करा, नाहीतर सर्वांत हलक्या गिअरवर खडखडाट होत राहील.

चेन ०.५ टक्के ताणली गेली असेल तर बदला, पण शर्यतीच्या आदल्या दिवशी नको. कॅसेट झिजलेली असेल तर नवी चेन जोर लावताच उडते. ते किमान ३०० किलोमीटर चालवल्यावरच नीट कळतं, म्हणून हे काम तीन आठवडे आधी उरका. डिस्क ब्रेकच्या पॅडवर घासणारा थर अर्धा मिलिमीटरवर आला असेल तर पॅड बदला. नवे पॅड बसवल्यावर पंधरा-वीस वेळा वेगातून हळू होत, पण पूर्ण न थांबता, ते बसवून घ्या. हे न करता थेट लांब उतारावर गेलात तर पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि ब्रेक नुसते ओरडतात. शिमानोची डिस्क नवी असताना १.८ मिलिमीटर जाड असते. दीडवर आली की ती बाद.

टायर २८ मिलिमीटरचे घ्या. ७० किलोच्या स्वाराला पुढे ७०, मागे ७५ पीएसआयच्या आसपास हवा पुरते. शंभर पीएसआय भरण्याची जुनी सवय खडबडीत घाटरस्त्यावर हातही दुखवते आणि उतारावरची पकडही घालवते.

सोबत न्यायच्या सामानात एक वस्तू बहुतेकांकडं नसते: तुमच्याच मॉडेलचा सुटा हँगर. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो आणि डोंगरातल्या गावात तो मिळत नाही. त्याशिवाय दोन ट्यूब, टायर लिव्हर, चेनची क्विक लिंक, छोटा चेन-तोडा, पंप, आणि फाटलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा दोन इंची तुकडा.

नाशिकचे घाट कसे वापरावेत

आपली अडचण सरळ आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे आणि भोवतालचे चढ चांगले असले तरी छोटे आहेत. दीड-दोन तास सलग चालणारा चढ इथं नाही. तरीही तयारी पूर्ण होते, फक्त कुठला रस्ता कशासाठी हे ठरवून घ्यायला हवं.

सर्वांत उपयोगी रस्ता नांदुरी ते सप्तशृंगी गड. सुमारे दहा किलोमीटरचा हा घाट एका लयीत चढण्यासाठी उत्तम आहे. चैत्रातली यात्रा आणि नवरात्र या काळात तिथं सरावाला जाऊ नका. रस्ता भाविकांचा असतो आणि खासगी वाहनं नांदुरीतच थांबवली जातात. पावसाळ्यात दरड आणि धुकं असतं. माकडं मात्र बारमाही असतात आणि नेमकी उतारावर आडवी येतात.

त्र्यंबकहून मोखाडा-जव्हारकडं जाणारा रस्ता वेगळ्या कारणासाठी मोलाचा आहे. जाताना उतार आधी येतो आणि चढ परतीच्या वाटेवर, थकलेल्या पायांवर, उन्हात. शर्यतीतला शेवटचा घाट नेमका असाच येतो. पेठ रस्त्यावर सावळघाट आणि कोटंबी घाट पाठोपाठ भेटतात, त्यामुळं चढ-उतार-चढ अशी लय बदलायला तो बरा, पण गुजरातकडची मालवाहतूक बघता पहाटेच निघा. सापुतारा आणि भंडारदरा दिवसभराच्या लांब फेऱ्यांसाठी ठेवा. कसारा घाटात वारंवार चढ-उतार करण्याचा मोह टाळा. कंटेनर रांगत असतात, रस्त्यावर डिझेल सांडलेलं असतं, आणि सरावासाठी एवढा धोका पत्करण्याचं काही कारण नाही.

सलग लांब चढाची उणीव घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच चालवता येणाऱ्या यंत्रावर, भरून काढा. पुढचं चाक वीट किंवा जाड पुस्तकांवर आठ-दहा सेंटिमीटर उचला, एफटीपीच्या ८० टक्क्यांवर मिनिटाला ६५-७५ पेडलच्या गतीनं ६० ते ७५ मिनिटं न थांबता चालवा. घाटात वर जाऊन खाली आलं की पाय विसावतात. इथं ती सूट मिळत नाही, आणि कंबर व मांडीच्या मागच्या स्नायूंना लांब चढात जे सोसावं लागतं ते घरीच कळतं.

सोळा आठवडे

सुरुवातीला एफटीपी मोजून घ्या: चांगलं अंग गरम करून २० मिनिटं जमेल तितक्या एकसारख्या जोरानं चालवा आणि सरासरी वॉटचे ९५ टक्के धरा. पॉवर मीटर, म्हणजे वॉट मोजणारं उपकरण, नसेल तर त्याच २० मिनिटांची सरासरी हृदयगती लिहून ठेवा आणि पुढच्या टक्केवाऱ्यांऐवजी बोलण्याची कसोटी वापरा.

पहिले सहा आठवडे आठ ते दहा तास, त्यातला मोठा भाग ५६ ते ७५ टक्क्यांवर, म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या सावकाश. गंगापूर धरण, गिरणारे, अंजनेरी हे रस्ते यासाठी पुरेसे आहेत. सातव्या ते बाराव्या आठवड्यात मंगळवारी १५ मिनिटांचे तीन जोर ८८ ते ९४ टक्क्यांवर, मध्ये पाच मिनिटं विसावा. गुरुवारी दीड तास हलकं. शनिवार-रविवार पाठोपाठ लांब फेऱ्या. यातला रविवार महत्त्वाचा. शनिवारी चार तास घाट केल्यावर रविवारी चार तास सपाटीवर गेलात तरी शरीर थकव्यात चालायला शिकतं. दर चौथा आठवडा निम्म्या तासांचा ठेवा. तो गाळणारेच पुढं गुडघा धरून बसतात.

शर्यतीच्या चार आठवडे आधी तीन दिवसांची रंगीत तालीम करा. शुक्रवारी नाशिक–मोखाडा–नाशिक, शनिवारी सप्तशृंगी गड, रविवारी पेठ. प्रत्येक दिवस ११० ते १२५ किलोमीटरच्या आसपास. या तीन दिवसांत सगळं शर्यतीसारखंच: तेच कपडे, तेच खाणं, तीच झोपेची वेळ. बसायला कुठं घासतं, कोणतं खाणं तिसऱ्या दिवशी नकोसं होतं, हाताला मुंग्या येतात का, हे सगळं इथंच उघडं पडतं आणि दुरुस्तीला वेळ उरतो. यानंतर सीटची उंची, क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी), बूट यांतलं काहीही बदलायचं नाही.

शेवटचे दहा दिवस तास निम्म्यावर आणा, पण छोटे जोराचे तुकडे चालू ठेवा. पूर्ण बसून राहिलात तर पाय जड होतात. वय चाळिशीच्या पुढं असेल किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर तयारी सुरू करण्याआधीच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. हे टाळण्यासारखं नाही.

खाणं: ताशी किती ग्रॅम

दोन तासांपेक्षा लांब टप्प्यात ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं लागतात. पाच तासांच्या टप्प्याला ताशी ७५ धरले तर ३७५ ग्रॅम. हा आकडा ऐकून अनेकांना धक्का बसतो, कारण नेहमीच्या फेरीत ते याच्या निम्मंही खात नाहीत. एका दिवसात ते खपून जातं. सात दिवसांत रोजची तूट साठत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय रिकामे होतात.

एका तासाचा साधा हिशोब असा: ५०० मिलिलिटर पाण्यात ४० ग्रॅम साखर, पाव छोटा चमचा मीठ आणि लिंबू, एक मध्यम केळं म्हणजे २५ ग्रॅम, मूठभर, म्हणजे १५ ग्रॅम मनुका, त्यातून १२. झाले ७७. मनुका आपल्याकडं मुबलक मिळतात, जर्सीच्या खिशात वितळत नाहीत आणि महागड्या जेलच्या तोडीस तोड काम करतात. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं. दोन्ही आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात, म्हणून ताशी ६० ग्रॅमच्या वर जायचं असेल तर नुसत्या ग्लुकोजपेक्षा साखर बरी. उकडलेला बटाटा मीठ लावून नेला तर गोडाचा वीट आल्यावर तो आधार देतो. शेंगदाण्याचे लाडू मुक्कामी खा. त्यातली चरबी चढावर पोटात तशीच बसते.

ओआरएसचं पाकीट म्हणजे जेवण नव्हे. प्रमाणित पाकिटात लिटरमागं १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असतं. क्षारांसाठी ते चांगलं, ऊर्जेसाठी अपुरं.

पाणी किती लागतं हे स्वतःचं मोजा: तासभर चालवण्याआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. जेवढं घटलं त्यात प्यायलेलं पाणी मिळवलं की ताशी घाम कळतो. एक किलो म्हणजे एक लिटर. त्यापेक्षा जास्त पाणी ढोसू नका. मिठाशिवाय नुसतं पाणी पीत राहिल्यास रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

पोटालाही सराव लागतो. ताशी ३० ग्रॅमची सवय असलेला माणूस शर्यतीच्या दिवशी अचानक ८० खाईल तर उलटीच होईल. दर दोन आठवड्यांनी ताशी दहा-पंधरा ग्रॅम वाढवा. आणि नाशिककरांना सांगायला जड जातं, पण टप्प्याच्या सकाळी मिसळ नको. तर्रीतलं तेल, तिखट आणि मटकीचा चोथा दुसऱ्या तासाला घाटात त्रास देतात. सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी पोहे, उपमा, ब्रेड-मध किंवा मऊ भात-दही. मिसळ शर्यत संपल्यावर.

टप्प्यावर: जोर कुठं, आवर कुठं

दहा किलोमीटर, सरासरी सहा टक्के चढ. २१० वॉट एफटीपीचा आपला ७० किलोचा स्वार तो ९५ टक्क्यांवर चढला तर साधारण ४६ मिनिटं लागतात, ८२ टक्क्यांवर ५३. पहिल्या दिवशी ही सहा-सात मिनिटं मिळवण्यासाठी जो खर्च होतो, त्याची किंमत चौथ्या दिवशी पाऊण तासानं चुकवावी लागते. पहिले दोन दिवस प्रत्येक लांब चढावर ८० ते ८५ टक्के हीच मर्यादा ठेवा. सुरुवातीला लोक पुढं जातील, जाऊ द्या. चढाची पहिली दहा मिनिटं मुद्दाम सोपी वाटली पाहिजेत.

आपल्याकडं वाहनं डावीकडून चालतात, त्याचा हेअरपिन वळणांवर थेट परिणाम होतो. डावीकडं वळणाऱ्या वळणावर तुम्ही आतल्या, आखूड आणि उभ्या बाजूला असता. तिथं वळणाआधीच एक गिअर हलका करा आणि गरज पडली तर उभे राहा. उजव्या वळणावर बाहेरची, लांब आणि सौम्य बाजू मिळते. तिथं श्वास घ्या, घोट प्या. मसिनगुडीहून उटीकडं चढणाऱ्या कलहट्टीच्या ३६ वळणांवर हे नीट केलं तर वर पोचल्यावर फरक जाणवतो. सौम्य बाजू मिळवण्यासाठी उजवीकडं जाऊ नका. रस्ता बंद केलेला नसतो, समोरून बस येते.

सपाटीवर गटात राहा. एकट्यानं वाऱ्याला छाती देण्यात शौर्य नाही, दुसऱ्याच्या चाकामागं ताकद लक्षणीय वाचते. पुढच्या चाकाला आपलं चाक आडवं भिडू देऊ नका. गटातले अपघात बहुतेक असेच होतात.

तिसऱ्या दिवसापासून एक विचित्र गोष्ट दिसते: वॉट तेवढेच, दम तेवढाच, पण हृदयगती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके कमी. अनेकांना वाटतं तब्येत सुधारली. तो थकवा आहे. नेहमीचा आकडा गाठण्यासाठी जोर वाढवू नका, त्या दिवशी शरीराच्या जाणिवेवर चाला.

उतारावर वेळ कमावण्यापेक्षा गमावू नये एवढंच बघा. माथ्याच्या दोनशे मीटर आधी, चढ चालू असतानाच, जॅकेटची चेन लावा. घामेजलेल्या अंगानं थंड वाऱ्यात शिरलात तर बोटं आखडतात आणि ब्रेक दाबता येत नाही. निफाडकडच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे या कपड्यांची चाचणी घ्यायला उत्तम. हात हँडलच्या खालच्या वळणावर, ब्रेक वळणाआधी आणि सरळ चाकावर, वळणात सोडलेले. बाहेरचा पाय खाली, नजर वळण जिथं संपतं तिथं. ब्रेक सतत घासत ठेवले तर डिस्क तापून पकड जाते. कार्बन रिमवरच्या रिम ब्रेकला तर लांब उतार झेपत नाही, अशा स्पर्धेला ॲल्युमिनियम रिम न्या.

टप्पा संपल्यावर

रेषा ओलांडल्यावर फोटो आणि गप्पांत तास जातो. तोच तास सर्वांत किमती असतो. क्रम पाठ करा. पहिल्या वीस मिनिटांत गोड पेय आणि काहीतरी खाणं. लगेच बिब शॉर्ट्स (खांद्यावर पट्टे असलेली, पॅडची सायकलची चड्डी) काढून कोरडे कपडे. ओल्या पॅडवर तासभर बसलात की दुसऱ्या दिवशी फोड आलाच. पहिले तीन-चार तास वजनाच्या किलोमागं ताशी साधारण एक ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे आपल्या ७० किलोच्या स्वाराला ताशी दीड-दोन वाट्या भाताइतकी. सोबत वरण, पेलाभर दूध आणि थोडं पनीर यांतून वीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. खिचडी, दहीभात, ताक हे आपलं जेवण या कामासाठी उत्तम आहे.

मग सायकल. चेन फडक्यानं पुसून तेल, टायरवर रुतलेली काच टोकदार वस्तूनं काढणं, थ्रू-ॲक्सल (चाकाचा आस) आणि स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट बघणं, ब्रेकची पकड तपासणं. वीस मिनिटांचं काम आहे आणि उजेड असताना करायचं. दुसऱ्या दिवशीचे कपडे, खाऊ, बाटल्या रात्रीच लावून ठेवा. साडेनऊला अंथरुणात.

बिब शॉर्ट्स किमान तीन जोड, शक्यतो दोन वेगळ्या पॅडचे, म्हणजे रोज एकाच जागी घासत नाही. आत अंतर्वस्त्र नको, पॅडला क्रीम लावा, फोड दिसला तर फोडू नका.

अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊन टप्पा चालवण्याची प्रथा घातक आहे. घाम गळून पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

रोज सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-दहा ठोके जास्त, भूक मेलेली आणि झोप तुटलेली असं तिन्ही एकत्र आलं तर त्या दिवशी शर्यत नाही, फक्त कट-ऑफच्या आत पोचणं. आधीच हिशोब करा: टप्पा १२० किलोमीटर, मुदत आठ तास, म्हणजे थांब्यांसह ताशी १५ किलोमीटर. चढावर आठ-नऊचाच वेग निघत असेल तर सपाटीवर आणि थांब्यांवर किती वेळ आहे, हे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून स्टेमला चिकटवा. थांब्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. मुदतीबाहेर जाणारे बरेच जण चढावर नाही, थांब्यांवर वेळ घालवतात.

हिमालयातली शर्यत असेल तर अडीच हजार मीटरच्या वर आधी तीन-चार दिवस राहून शरीर जुळवा. तीन हजार मीटरवर १०-१५ टक्के ताकद कमी धरूनच चला. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा तोल जाणं सुरू झालं तर वर जायचं नाही, खाली यायचं.

सायकल नेताना

खोक्यात भरताना सीटपोस्टवर टेपनं खूण करा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या दिशेनं सुटतं. मागचा डिरेलर हँगरवरून काढून बबल रॅपमध्ये फ्रेमच्या आत बांधा, डिस्क काढा, ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा. चुकून ब्रेक दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन बसतात. छोटा टॉर्क पाना सोबत असू द्या आणि स्टेमचे बोल्ट त्यावर छापलेल्या आकड्याइतकेच आवळा, बहुधा ५ न्यूटन-मीटर. मुक्कामी किमान एक दिवस आधी पोचा, सायकल जोडून तासभर चालवा आणि सगळे गिअर चढावर, जोर लावून टाकून बघा. स्टँडवर बरोबर पडणारा गिअर चढावर उडू शकतो, आणि तो आदल्या दिवशी दुपारी उडाला तर दुरुस्तीला संध्याकाळ हाताशी असते.